विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी का भरते ?

कोकणातील शेतकऱ्याचा विंचवाशी संबंध जुना आहे. राबासाठी पालापाचोळा गोळा करताना, बांधाचे दगड पुन्हा रचताना, भाताची उडवी मोडताना किंवा माळ्यावरील सरपण खाली काढताना हाताला किंवा पायाला डंख बसतो. अलिबाग तालुक्यातील मांडव्यासारख्या किनाऱ्यावरील गावात काय आणि महाडकडील डोंगराळ भागात काय, असा प्रसंग कोणत्याही घरी येऊ शकतो. बहुतेक वेळा वेदना होतात व काही तासांनी त्या ओसरतात. परंतु लाल विंचवाच्या दंशाने काही रुग्णांची स्थिती याहून अगदी वेगळी होते.

अशा रुग्णाला प्रथम वांत्या होतात व दरदरून घाम सुटतो. हातपाय थंड पडतात. आघाड्याचे मूळ उगाळून लावले जाते किंवा मंत्र घातला जातो. दंशाच्या जागेची कळ कमी झाली की विंचू उतरला असे समजून रुग्णाला निजवतात. काही तासांनी त्याला खोकला येऊ लागतो, आडवे पडवत नाही, छातीत घुरघुर ऐकू येते आणि शेवटी तोंडाशी फेस येतो. हा फेस कधी कधी गुलाबी असतो. घरचे लोक म्हणतात, विष डोक्यात चढले. वस्तुतः विष डोक्यात चढलेले नसते. रुग्णाच्या फुप्फुसात त्याच्याच रक्तातील पाणी उतरलेले असते. कोरड्या जमिनीवर, घरातल्या खाटेवर, तो मनुष्य बुडत असतो.

वैद्यकात या अवस्थेला फुप्फुसाचा शोफ म्हणतात. हे पाणी कोठून येते, त्याच्याबरोबर रक्तातील प्रथिने का येतात आणि ते पुन्हा कसे ओसरते, हे समजले तर वेळ कोठे वाया जातो व प्राण कशाने वाचतो हेही समजते. म्हणून या लेखात त्याची माहिती दिली आहे.

फुप्फुसाची रचना

फुप्फुस म्हणजे हवेच्या अतिशय लहान पिशव्यांचा समूह होय. या पिशव्यांना वायुकोश म्हणतात. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या ३० ते ५० कोटी असते. ते सर्व उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण गुंठा जागा व्यापतील. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. या केशवाहिन्या होत. हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा सर्वांत पातळ जागी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकाच जाड असतो. तो इतका पातळ असल्यामुळेच प्राणवायू क्षणात रक्तात शिरू शकतो.

परंतु जो पडदा इतका पातळ आहे, त्याच्या एका बाजूला सतत रक्त वाहत असताना दुसरी बाजू कोरडी राहते कशी ? खारजमिनीत भात घेणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा वाटणार नाही. धरमतर खाडीच्या काठच्या खारबंदिस्तीत भरतीच्या वेळी बाहेर खाडीचे पाणी शेतापेक्षा उंच असते, तरीही आतील शेत बुडत नाही. बाहेरकाठा पाणी अडवतो, त्याच्यातून जो थोडा पाझर येतो तो आतल्या चरात उतरतो आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून निघून जातो.

फुप्फुसातही जवळजवळ अशीच व्यवस्था आहे. केशवाहिनीतील रक्त ही खाडी, केशवाहिनीची भिंत हा बाहेरकाठा आणि वायुकोश हे शेत होय. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा असते, तो चर समजावा. चरात उतरलेला पाझर लसीकावाहिन्या नावाच्या नलिका उचलून पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. शिवाय वायुकोशाचे स्वतःचे अस्तर हा आतला दुसरा बांध असतो आणि तो बाहेरच्या बांधापेक्षा पुष्कळच अधिक घट्ट असतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. निरोगी फुप्फुसातही पाझर चालूच असतो. येणारे पाणी व जाणारे पाणी सारखे असते, एवढेच त्याच्या आरोग्याचे रहस्य आहे.

दाब आणि ओढ

रक्तातील पाणी बाहेर ढकलणारा जोर म्हणजे केशवाहिनीतील दाब. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत तो पाऱ्याच्या साधारण ७ ते १० मिलिमीटर एवढाच असतो. हातावर पट्टा बांधून मोजला जाणारा रक्तदाब १२० च्या आसपास असतो, त्या मानाने हा फारच थोडा आहे.

पाणी रक्तात धरून ठेवणारा जोर प्रथिनांचा असतो. रक्तद्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये ६ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात व त्यांत अल्ब्युमिनचा वाटा सर्वांत मोठा असतो. कैरीच्या फोडींना मीठ लावले की फोडींतील पाणी मिठाकडे ओढले जाते, हे प्रत्येक घरात पाहावयास मिळते. प्रथिनांचे कण मोठे असल्यामुळे ते केशवाहिनीच्या भिंतीतून सहजासहजी बाहेर पडत नाहीत आणि आत राहून पाण्याला आपल्याकडे ओढतात. ही ओढ सुमारे २५ मिलिमीटर असते. चरातील ओलाव्यातही थोडी प्रथिने असतात व ती उलट दिशेने ओढतात, म्हणून ही सर्व ओढ रक्ताच्या वाट्याला येत नाही आणि किंचित पाझर होतच राहतो. दाब आणि ओढ यांच्या या हिशेबाची मांडणी इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये केली.

दाब थोडा वाढला तर फुप्फुस लगेच भरत नाही. पाझर वाढतो तशा लसीकावाहिन्या अधिक पाणी उपसू लागतात. शिवाय वाढलेल्या पाझरामुळे चरातील प्रथिने धुऊन पातळ होतात, उलट दिशेची ओढ कमी होते आणि रक्ताची ओढ अधिक कामी येते. परंतु दाब २५ च्या वर गेला, आणि तोही झपाट्याने, म्हणजे हे दोन्ही उपाय अपुरे पडतात. प्रथम चर तुडुंब भरतो. या वेळी रुग्णाला धाप लागते, पण घुरघुर फारशी नसते. नंतर आतला बांध हरतो आणि वायुकोशांत पाणी शिरते. त्यानंतर मात्र वेळ फार थोडा उरतो.

स्वच्छ पाझर व गढूळ पाणी

बांधावरून शेतात पाणी आले तर अनुभवी शेतकरी आधी त्याचा रंग पाहतो. पाणी निवळ असेल तर बांध शाबूत आहे व बाहेरची पातळी फार चढली आहे. पाणी गढूळ असेल तर बांधाला खांड पडली आहे. फुप्फुसातील पाण्याचीही अशीच परीक्षा होते, आणि तेथे गाळाच्या जागी प्रथिने असतात. गाळ पाण्याला ओढत नाही, प्रथिने ओढतात, एवढ्यापुरता हा दृष्टान्त अपुरा आहे. बाकी तो चपखल बसतो.

केवळ दाब वाढल्यामुळे उतरलेल्या पाण्यात प्रथिने कमी असतात. रुग्णाच्या रक्तातील प्रथिनांशी तुलना केली असता त्यांचे प्रमाण सामान्यतः ०.६५ पेक्षा कमी भरते. जंतुदोषाने किंवा विषारी वायूने भिंतच दुखावली असेल तर प्रथिने मोकळेपणी बाहेर पडतात व हे प्रमाण ०.७ च्या वर जाते. भिंत दुखावलेली असताना दाब फारसा न वाढताही फुप्फुस भरू शकते, कारण पाणी धरून ठेवणारी प्रथिनेच बाहेर निघून गेलेली असतात.

हा फरक प्रयोगाने दाखवण्यात मेंढीचा मोठा उपयोग झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे नॉर्मन स्टॉब व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात जिवंत मेंढीच्या फुप्फुसातून निघणारी लसीका एका बारीक नळीने गोळा करून मोजली. फुप्फुसातील दाब वाढवला तेव्हा लसीका पुष्कळ वाढली, पण तिच्यातील प्रथिने विरळ झाली. रक्तात जंतू सोडले तेव्हाही लसीका वाढली, परंतु प्रथिने विरळ झाली नाहीत. पहिल्या वेळी पाणी चढले होते, दुसऱ्या वेळी बांध फुटला होता.

पाणी कोणत्याही कारणाने येवो, त्यातील प्रथिने वायुकोशात आणखी एक अपाय करतात. वायुकोशाच्या आतून साबणासारख्या गुणाचा एक पातळ लेप असतो व त्यामुळे ते श्वास सोडल्यावर मिटून जात नाहीत. प्रथिने मिसळली की हा लेप बिघडतो. फुप्फुस ताठर होते आणि प्रत्येक श्वासाला अधिक कष्ट पडतात. प्रथिनयुक्त पाणी हवेत घुसळले गेले म्हणजे फेस होतो, आणि काही तांबड्या पेशी त्यात मिसळल्या की तो गुलाबी दिसतो.

विंचवाचे विष काय करते

लाल विंचवाचे विष फुप्फुसाला थेट खात नाही. ते मज्जातंतूंवर काम करते. मज्जातंतूंच्या पेशींत सोडियमची दारे असतात. संदेश गेला की ती क्षणात मिटली पाहिजेत. विष ती वेळेवर मिटू देत नाही. परिणामी शरीरातील सर्व स्वयंचलित मज्जातंतू एकाच वेळी उद्दीपित होतात. आरंभी वांत्या, लाळ व भरपूर घाम ही लक्षणे दिसतात. पुरुषांत लिंगाला ताठरपणा येतो. हे लक्षण लाजेने लपवले जाते, परंतु डॉक्टरांच्या दृष्टीने ते धोक्याची लवकर मिळणारी सूचना असते, म्हणून ते अवश्य सांगावे.

याच सुमारास अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात सुटतात. सर्व शरीरातील लहान धमन्या आवळल्या जातात. हातपाय थंडगार पडतात ते यामुळेच. आवळलेल्या धमन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा थकतो. पुढे न गेलेले रक्त मागे फुप्फुसात तुंबते आणि केशवाहिन्यांतील दाब चढतो. म्हणजे येथे मुख्यतः खाडी चढलेली असते. बांध फुटण्याचा भाग असला तरी तो दुय्यम होय. ही गोष्ट आशादायक आहे, कारण फुटलेला बांध दुरुस्त होण्यास दिवस लागतात, तर चढलेले पाणी काही तासांत उतरवता येते.

महाडचा अनुभव

हा विचार केवळ पुस्तकी नाही. तो रायगड जिल्ह्यातच सिद्ध झाला आहे. १९६१ मध्ये डॉ. मुंडले यांनी विंचूदंशाच्या ७८ रुग्णांपैकी २३ दगावल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. पुढे १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिले. ते रुग्णांच्या खाटेशी रात्र रात्र बसले, दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब व श्वास यांची नोंद ठेवली आणि मृत्यू फुप्फुसात पाणी भरून होतो हे दाखवून दिले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे इंग्लंडच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

त्यानंतर डॉ. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे प्राझोसिन हे औषध वापरण्यास आरंभ केला. हे मूळचे रक्तदाबावरील स्वस्त औषध. ते आवळलेल्या धमन्या सैल करते, हृदयावरील ओझे उतरवते व फुप्फुसातील दाब खाली आणते. १९८६ मध्ये त्यांनी आपला अनुभव लॅन्सेटमध्येच मांडला. ज्या दंशात पूर्वी शंभरांतील तीसएक गंभीर रुग्ण दगावत, त्यात हे औषध वेळेवर दिल्यास मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेची विंचूप्रतिविष लसही पुढे उपलब्ध झाली. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या महाडच्या चाचणीत ७० रुग्णांचे दोन सारखे गट होते. प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी तेवढ्या वेळात ८ बरे झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

पाणी ओसरते कसे

दाब उतरला की नवे पाणी येणे थांबते. परंतु वायुकोशांत आधी शिरलेल्या पाण्याचे काय होते ? पूर्वी असे मानले जाई की, रक्तातील प्रथिनेच ते परत ओढून घेत असावीत. हे मत पुरेसे नाही असे पुन्हा मेंढीनेच दाखवले. १९८२ मध्ये मायकेल मॅथे, स्टॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या वायुकोशांत तिच्याच रक्तातील प्रथिनयुक्त रक्तद्रव सोडला. आतील पाणी कमी होत गेले आणि प्रथिने मागे राहून दाट होत गेली. दाट प्रथिनांची ओढ पाण्याला वायुकोशातच धरून ठेवावयास पाहत असतानाही पाणी बाहेर गेले. अर्थात ते कोणीतरी उपसत होते.

हा उपसा वायुकोशाच्या अस्तरातील पेशी करतात. त्या सोडियम एका बाजूने आत घेतात व दुसऱ्या बाजूने चराकडे फेकतात. सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. या कामाला शक्ती लागते व अस्तर जिवंत असावे लागते. शेतातून पाणी निघून गेल्यावर गाळ जसा मागे राहतो, तशी प्रथिनेही मागे राहतात. ती उचलण्याचे काम फार सावकाश चालते. काही प्रथिने पेशींच्या फटींतून झिरपतात, तर काही भक्षक पेशी गिळून टाकतात. पाणी काही तासांत हटू शकते, पण प्रथिने पुरती हटण्यास अनेक दिवस लागू शकतात. म्हणून श्वास सुधारताच रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये. डॉक्टर सांगतील तोपर्यंत त्याला देखरेखीखाली ठेवावे.

ग्रामसेवकांनी काय करावे

(१) दंशाची वेळ लिहून ठेवावी. पुढील उपचारात तिचा उपयोग होतो.

(२) वेदनेवरून धोका मोजू नये. कळ फार असूनही रुग्ण सुखरूप असू शकतो आणि कळ थोडी असूनही धोक्यात असू शकतो. वांती, भरपूर घाम व थंड हातपाय यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी धाप लागण्याची वाट न पाहता रुग्णाला हलवावे. लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांचीही वाट पाहू नये.

(३) जागा कापणे, चोखणे, डागणे किंवा दोरीने आवळणे यांपैकी काहीही करू नये. थंड पाण्याची पट्टी ठेवण्यास हरकत नाही. घरच्या मंडळींचा मंत्रावर विश्वास असल्यास वाद घालत बसू नये. मंत्र गाडीत म्हणावा, गाडी मात्र थांबवू नये.

(४) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. धाप लागलेल्या रुग्णाला टेकून बसवून न्यावे, त्याला चालवू नये. मांडव्याहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय वीसएक किलोमीटरवर आहे. मुंबईच्या बोटीची वाट पाहण्यापेक्षा हा रस्ता धरावा.

(५) रुग्णालयात सलाईनचा आग्रह धरू नये. गावात पुष्कळांचा असा समज असतो की, बाटली लावल्याशिवाय उपचार होत नाही. परंतु शिरेतून दिलेले पाणी त्याच रक्तात जाते. फुप्फुसात आधीच पाणी चढलेले असताना ते अधिक देणे म्हणजे भरतीच्या खाडीत आणखी पाणी सोडणे होय. वांत्या व घाम यांमुळे शरीराला पाण्याची गरजही असू शकते. म्हणून किती व कोणत्या मार्गाने द्यावयाचे, याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

(६) प्राझोसिन गावात कोणीही आपल्या मनाने देऊ नये. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो. तथापि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध व प्रतिविष आहे की नाही, याची चौकशी उन्हाळा लागण्यापूर्वीच ग्रामसभेत करून घ्यावी.

दंश टाळण्यासाठी

उडवी, सरपण व दगड यांत हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. अंधारात अनवाणी चालू नये. पायताण व कपडे झटकून वापरावेत. घराच्या भिंतींतील फटी लिंपाव्यात, सरपण व विटा घराला टेकून रचू नयेत आणि मुलांना भिंतीलगत जमिनीवर निजवू नये. अतिनील प्रकाशाच्या विजेरीत विंचू हिरवट चमकतो. अशी एखादी विजेरी गावात असल्यास रात्री अंगण व पडवी तपासता येते.

खारबांधाची राखण करणारा शेतकरी शेत बुडेपर्यंत थांबत नाही. चरातील पाणी वाढलेले दिसताच तो उघाडीकडे धावतो. विंचूदंशात घाम, वांती व थंड पडलेले हात ही चरातील पाणी वाढल्याची खूण आहे आणि तोंडाचा फेस म्हणजे शेत बुडाल्याची. पहिली खूण पाहून जो निघाला, त्याच्या रुग्णाला वाचवण्याचे साधन आज रायगड जिल्ह्यातच उपलब्ध आहे.